डाव्या बाजूचे डोळे : बेळगाव भागात हायवेला लागताना ट्रकशी कसं जुळवून घ्यायचं

माझे वडील बावीस वर्षं दहा चाकी गाडीवर होते. निपाणीहून तंबाखू भरायचा, परतीला कधी सिमेंट, कधी लोखंड मिळायचं. शाळेला सुट्टी लागली की मीही केबिनमध्ये बसून जायची. तेव्हा गाडीवर क्लीनर असायचाच. एखादा फाटा जवळ आला की तो डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर निघायचा आणि ओरडायचा, "मोटरसायकल हाय, थांबा!" रस्ता मोकळा असला की दारावर थाप मारून "बरली, बरली!" म्हणायचा. कानडीतलं 'येऊ दे'. वडील डावीकडे मान वळवत नसत, त्याच्या आवाजावरच गाडी डावीकडे घेत. मला वाटायचं क्लीनर म्हणजे टायर बघणारा आणि काच पुसणारा पोरगा. तो गाडीचे डाव्या बाजूचे डोळे होता, हे मला स्वतः स्टिअरिंगवर बसल्यावर कळलं.

आता बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. डावी सीट रिकामी असते. आणि आपण सर्व्हिस रोडवरून हायवेला लागतो ते नेमके त्याच्या डावीकडून.

हा लेख नव्याने लायसन्स मिळालेल्यांसाठी आहे. बेळगाव शहरात, निपाणीत किंवा खानापुरात गाडी चालवता येते, पण कोल्हापूरच्या दवाखान्यात आईला घेऊन जायचं म्हटलं की हायवेला लागायच्या जागीच छातीत धडधडतं, अशांसाठी.

आधी रस्ता समजून घ्या

आपल्या घरातली मोठी माणसं अजून 'पी. बी. रोड' म्हणतात, म्हणजे पुणे-बंगळूर रोड. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ४ होता, आता ४८ आहे. कागल सोडून कर्नाटकात शिरलं की कोगनोळीचा टोल लागतो. पुढे निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, वंटमुरी घाट, काकती, बेळगाव, हलगा आणि हिरेबागेवाडीचा टोल, असा तो कित्तूर-धारवाडकडे जातो. मुंबईहून चेन्नईला जाणारा माल याच रस्त्याने जातो. समोरून येणारा ट्रक राजस्थानचा असेल, तमिळनाडूचा असेल. तुमच्या गावचा फाटा त्याला ठाऊक नसतो. तुम्हाला रोजचा असलेला आंब्याच्या झाडाजवळचा कट त्याला अचानकच समोर दिसतो.

दुसरा रस्ता खानापूर, लोंढा, अनमोडवरून गोव्याला जातो. तो पूर्वीचा ४अ, आताचा ७४८, आणि त्यावर गणेबैलला टोल आहे. तिसरा जांबोटी-चोर्ल्याचा. तो अरुंद आणि वळणांचा आहे. बेळगावचा भाजीपाला गोव्याला पोचवणाऱ्या गाड्या या भागात पहाटेपासून धावत असतात. इथे मी मुख्यतः ४८ बद्दल लिहिते आहे, कारण वेगातला फरक तिथे सगळ्यात मोठा असतो आणि जीव त्या फरकापायीच जातो.

हायवेला लागायच्या जागा तीन प्रकारच्या असतात. पहिली, उड्डाणपुलाच्या शेवटी सर्व्हिस रोड तिरका येऊन मिळतो ती. ही सगळ्यात बरी, कारण वेग घ्यायला थोडी जागा मिळते. दुसरी, सर्व्हिस रोडच्या कठड्यात ठेवलेली तोकडी फट. तिथे जवळजवळ काटकोनात वळून आत शिरावं लागतं. तिसरी, डिव्हायडरमधली मोकळी जागा, जिथून पलीकडच्या बाजूला जाता येतं. ही तिसरी नवशिक्यांनी पहिले सहा महिने वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे तुम्ही थेट उजव्या लेनमध्ये, सर्वात जास्त वेगाच्या गाड्यांपुढे येता. त्यापेक्षा दोन किलोमीटर पुढे जाऊन पुलाखालून वळा. पेट्रोल थोडं जास्त लागेल, तेवढंच. आणि उलट्या बाजूने सर्व्हिस रोड पकडणं किंवा हायवेच्या कडेने शंभर मीटर उलटं जाणं कधीच नाही. गावातले सगळे करतात हे मला माहीत आहे. तरीही नाही.

ड्रायव्हरला काय दिसतं

ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर बसतो. लांबचा रस्ता त्याला तुमच्यापेक्षा चांगला दिसतो. पण नाकासमोरचा काही मीटरचा तुकडा त्याला दिसत नाही. बंपरला चिकटून उभी असलेली मोटरसायकल त्याच्या लेखी नसतेच. उजवी बाजू त्याच्या खिडकीलगत आहे, तिकडे तो मान बाहेर काढून बघू शकतो. डावी बाजू मात्र पूर्ण केबिनच्या पलीकडे, दोन मीटरहून लांब. तिथे त्याला आधार आहे तो आरशाचा, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो आरसा थरथरत असतो. डाव्या दरवाजापासून मागच्या चाकांपर्यंतच्या पट्ट्यात छोटी मोटार अख्खी लपते.

सर्व्हिस रोडवरून तिरके येताना आपण नेमके याच पट्ट्यात येतो. आपल्याला ट्रक एवढा मोठा दिसतो की त्यालाही आपण दिसत असू असं वाटतं. हा समज मनातून काढून टाका. त्याच्या डाव्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसला, तरच त्याला तुम्ही दिसण्याची शक्यता आहे. चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी तिथे नाही, असं धरूनच वागा.

आता थांबण्याबद्दल. तीन ॲक्सलच्या दहा चाकी गाडीला मालासकट एकूण २८.५ टन वजनापर्यंत परवानगी असते. तुमची छोटी गाडी माणसांसकट सव्वा-दीड टन भरते. ट्रकला हवेचे ब्रेक असतात. पायडल दाबल्यावर हवा नळ्यांतून चाकांपर्यंत पोचून ब्रेक धरायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. ताशी ८० च्या वेगात तेवढ्यात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात होते.

माझीच गोष्ट सांगते. लायसन्स मिळून दोन महिने झाले होते. संकेश्वरच्या अलीकडे सर्व्हिस रोडवरून बेळगावच्या दिशेने हायवेला लागले. ट्रक लांब आहे असं वाटलं म्हणून तिशीच्या वेगात आत शिरले. मागून हॉर्न आणि ब्रेकची ती किंकाळी ऐकू आली. ट्रक उजवीकडे झोकांडी खाऊन माझ्या बाजूने निघून गेला. हत्तरगीचा टोल ओलांडल्यावर तो रस्त्याकडेला चहाला थांबलेला दिसला. मी गाडी बाजूला घेतली आणि माफी मागायला गेले. ड्रायव्हर वडिलांच्या वयाचे होते. रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमची गाडी आधी मला दिसलीच नाही. दिसली तेव्हा समोरच होती. मागं कॉईल हाय बघा. अजून जोरात ब्रेक मारला असता तर ती सुटून माझ्याच केबिनमध्ये आली असती." पोलादी पत्र्याची ती गुंडाळी मी वर मान करून पाहिली. जाडजूड साखळ्यांनी बांधली होती, तरी मला घाम फुटला. ब्रेक मारायचा तर स्वतःच्या जिवावर, न मारायचा तर माझ्या. मी त्या माणसाला अशा पेचात टाकलं होतं. त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी नियमांपुरता उरला नाही.

वेगाचं गणित, एकदा नीट

ताशी ६० च्या वेगात ट्रक एका सेकंदाला सुमारे १७ मीटर जातो. तुम्ही ताशी ३० ने आत शिरलात तर तुम्ही जाता ८ मीटर. चार माणसं आणि एसी चालू असलेल्या छोट्या गाडीला ३० वरून ६० वर यायला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ट्रक तुमच्यावर २५ ते ३० मीटर चढून येतो. म्हणजे तुम्ही २५ मीटरची जागा बघून आत शिरला असाल तर त्याला ब्रेक मारावाच लागतो. तुम्ही ५५ ने शिरलात तर तो जेमतेम एक-दोन मीटर चढतो, आणि त्याला पाय हलवावाही लागत नाही.

म्हणून नवशिक्यांचा जो मोठा गैरसमज आहे, की हळू शिरणं म्हणजे सुरक्षित शिरणं, तो इथे उलटा पडतो. सर्व्हिस रोडवर हळू. मिसळताना मात्र शेजारच्या गाडीइतका वेग. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारीला कमाल १०० आणि मालवाहू गाडीला ८० चा वेग आहे. जिथे पाटीवर कमी आकडा आहे तिथे पाटीवरचा पाळायचा. भरलेले ट्रक प्रत्यक्षात बहुधा ५० ते ६५ च्या दरम्यान चालतात. तुमच्या गाडीला तो वेग गाठणं काही अवघड नाही. फक्त तो योग्य जागी गाठायला हवा.

प्रत्यक्ष लागायचं कसं

पहिली गोष्ट सर्व्हिस रोडवर असतानाच करायची. काच थोडी खाली, गाणी बंद, पोरांना गप्प बसायला सांगायचं. उजवीकडचा आरसा नीट लावला आहे का ते घर सोडतानाच बघून ठेवा, इथे आल्यावर नको.

फट किंवा मिळण्याची जागा दिसायला लागली की उजवा इंडिकेटर द्या. पाच-सहा सेकंद आधी, म्हणजे मागच्याला वाचायला वेळ मिळेल. पावसात चारही लाईट लुकलुकत ठेवून चालवायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. चारही लुकलुकले की तुम्ही कुठे वळणार हे कोणालाच कळत नाही.

मग उजवीकडे बघा. आधी आरशात, नंतर मान वळवून प्रत्यक्ष. आरशात दिसत नाही ते खांद्यावरून दिसतं. कोणता ट्रक येतोय एवढंच बघू नका, त्याच्या मागे किती जागा आहे ते बघा. नवीन माणूस नेहमी ट्रकच्या पुढे घुसायची जागा शोधतो. माझा सल्ला असा की ट्रकच्या मागची जागा शोधा. ट्रक जाऊ द्या, आणि त्याच्या मागून, पुढे पुरेसं अंतर ठेवून आत शिरा. कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन चालनाच्या २०१७ च्या विनियमांप्रमाणे मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना वाट द्यायची असते. हक्क त्याचा आहे. त्याने वेग कमी केला तर तो त्याचा चांगुलपणा, त्यावर भरवसा ठेवून हिशेब मांडायचा नाही.

जागा पुरेशी आहे की नाही हे सेकंदांत मोजा, मीटरमध्ये डोळ्यांचा अंदाज चुकतो. ट्रक एखाद्या खांबाजवळ आला की मनात 'एकशे एक, एकशे दोन' म्हणायला सुरुवात करा. तो सहा सेकंदांच्या आत तुमच्या जागेपर्यंत पोचत असेल, तर त्याला जाऊ द्या. तुमचा वेग आधीच जुळलेला असेल तर चारही पुरतात. पण सुरुवातीला सहाच धरा.

ठरलं की वेग वाढवा. गिअर खालचा ठेवून, तिसऱ्यावर, इंजिन ओढतंय असं जाणवेपर्यंत. चौथ्या-पाचव्या गिअरवर गाडी रेंगाळते आणि नेमक्या त्याच क्षणी दम सोडते. हे ड्रायव्हिंग शाळेत मला कोणी सांगितलं नव्हतं. वेग जुळला की डाव्या लेनमध्ये हळूच, तिरकं शिरा. स्टिअरिंगला झटका नको. एकदा शिरायला लागलात की मध्येच ब्रेक मारू नका. अर्धी आत आणि अर्धी बाहेर थांबलेली गाडी, यापेक्षा वाईट स्थिती हायवेवर दुसरी नाही.

आत गेल्यावर इंडिकेटर बंद करा आणि डाव्या लेनमध्येच राहा. लगेच उजव्या लेनमध्ये उडी मारायचा मोह होतो. नको. अर्धा किलोमीटर तरी त्याच लेनमध्ये जा, श्वास जागेवर येऊ द्या, मागे कोण आहे ते ओळखा.

काटकोनातली फट

कठड्यातल्या तोकड्या फटीत वरची रीत पूर्ण लागू होत नाही, कारण वेग घ्यायला जागाच नसते. तिथे थांबावं लागतं. रेषेच्या अलीकडे पूर्ण थांबा. गाडीचं नाक हायवेवर काढून 'मी येतोय' असं दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. ट्रक त्या नाकाला चुकवायला उजवीकडे जातो, आणि उजवीकडून कोण येतंय याचा त्याला पत्ता नसतो. इथे दहा सेकंदांची जागा लागते, कारण तुम्ही शून्यातून निघता. कधी दोन मिनिटं थांबावं लागेल. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

शक्य असेल तर ही फट सोडून सर्व्हिस रोडनेच पुढच्या तिरक्या जागेपर्यंत जा. रोजच्या वाटेवर अशी जागा कुठे आहे ते एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसून बघून ठेवा.

उजव्या लेनमधला ट्रक

आपल्याकडे भरलेला ट्रक बहुधा उजव्या लेनमधून चालतो. नियमाने त्याने डावीकडे चालायला हवं. पण डाव्या लेनमध्ये मोटरसायकली, ट्रॅक्टर, रस्त्याकडेला उभी असलेली पंक्चर गाडी आणि आपल्यासारखे फाट्यावरून शिरणारे असतात. भरलेल्या गाडीला सारखं ब्रेक-गिअर करणं परवडत नाही, म्हणून तो उजवी लेन धरतो. बरोबर-चूक बाजूला ठेवू, तुम्हाला त्याचा परिणाम माहीत हवा.

परिणाम असा. तुम्ही फाट्यावरून बघता तेव्हा ट्रक उजव्या लेनमध्ये असतो आणि डावी लेन रिकामी दिसते. तुम्ही निर्धास्त शिरता. त्याच वेळी ट्रकच्या मागे एखादी व्होल्वो बस किंवा घाईतली मोटार डिप्पर मारत, म्हणजे हेडलाईटची उघडझाप करत असते. तिला वाट द्यायला ट्रक डावीकडे सरकतो. आता तुम्ही त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला आहात आणि तो तुमच्या लेनमध्ये येतो आहे. याच जागी पूर्वी क्लीनर ओरडायचा.

म्हणून ट्रक उजव्या लेनमध्ये असला तरी त्याच्या बरोबरीने शिरू नका. एक तर तो पूर्ण पुढे जाऊ द्या, नाही तर तो खूप मागे असतानाच शिरा. आणि शिरल्यावर त्याच्या शेजारी रेंगाळू नका. डावीकडून झपाट्याने पुढे जाणंही टाळा. मागे राहा आणि त्याच्या आरशात दिसा. वडील एक गोष्ट नेहमी म्हणायचे, ट्रकच्या मागे असलेल्याला ट्रक कधी मारत नाही. मागेही तीन सेकंदांचं अंतर हवंच, नाही तर पुढचा खड्डा तुम्हाला त्याच्या चाकाखालून एकदम दिसतो.

डिप्पर आणि इंडिकेटरची भाषा

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो. तुम्ही फाट्यावर थांबला आहात आणि येणाऱ्या ट्रकने दोनदा डिप्पर मारला. याचा अर्थ 'या, मी थांबतो' असा घेऊ नका. आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी येतोय, तू थांब' असा असतो. वडिलांनी मला गाडी शिकवताना पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर? तो वळणार असेल, लेन बदलणार असेल, किंवा मागच्याला 'जा पुढे' म्हणत असेल. काही ड्रायव्हर त्याच खुणेने 'समोरून गाडी आहे, येऊ नको' असंही सांगतात. एकाच दिव्याचे चार अर्थ. म्हणून ट्रकच्या इंडिकेटरवर निर्णय घ्यायचा नाही, त्याची चाकं कुठे वळतायत ते बघायचं. खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हर बोलावत असला तरी आधी स्वतः बघा. त्याला दिसतं ते त्याच्या जागेवरून.

तुमच्या बाजूने मात्र खूण स्पष्ट ठेवा. इंडिकेटर, आणि गरज वाटली तर एक छोटा हॉर्न. त्याने तुम्हाला जागा करून दिलीच तर पुढे गेल्यावर हात वर करा. लांबच्या प्रवासात ड्रायव्हरला माणसासारखं वागवणारे फार कमी भेटतात.

कानडी वाचता येत नसेल तर चार शब्द कानाला असू द्या. 'निधानवागि चलिसि' म्हणजे सावकाश चालवा. 'अपघात वलय' म्हणजे अपघाताची जागा. 'एडक्के' डावीकडे, 'बलक्के' उजवीकडे. काम चालू असलेल्या जागी झेंडा घेऊन उभा असलेला माणूस हेच शब्द ओरडतो, आणि त्या गोंधळात अर्थ विचारायला वेळ नसतो.

टोलनंतरची घाई

टोलनाका ही हायवेला लागण्याचीच जागा आहे, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. आठ-दहा रांगांतून सुटलेल्या गाड्या शंभर-दोनशे मीटरमध्ये दोन-तीन लेनमध्ये कोंबल्या जातात. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाल्यावर मोटारी झटकन सुटतात, पण भरलेला ट्रक शून्यातून उठतो. पहिला, दुसरा, तिसरा असं एकेक गिअर टाकत. त्याच्या पुढे भरपूर जागा मोकळी दिसते आणि डावीकडची मोटार त्याच्या नाकासमोरून उजवीकडे तिरकी कापते. ते नाकासमोरचे न दिसणारे काही मीटर आठवा.

टोलला येतानाच पुढे ज्या बाजूला जायचं आहे त्या बाजूची रांग धरा. सुटल्यावर सरळ जा, लेन पूर्ण आखलेल्या दिसल्यावरच बदला.

घाट, धुकं, ऊस

तवंदी आणि वंटमुरीच्या चढावर भरलेला ट्रक वीस-तीसच्या वेगावर येतो. चढाच्या पायथ्याशी हायवेला लागत असाल तर तुमचा हिशेब उलटा होतो. इथे धोका पुढच्या ट्रकचा आहे, तुम्ही साठने शिरता आणि तो भिंतीसारखा समोर येतो. उतारावर ट्रक खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर रोखलेला असतो. सारखा ब्रेक मारून ब्रेक तापले तर ते धरत नाहीत, म्हणून तो ब्रेक जपून वापरत असतो. उतारावरच्या भरलेल्या गाडीच्या पुढे कधीच शिरू नका.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. ट्रकच्या चाकांतून उडणाऱ्या फवाऱ्यात तुमची गाडी पांढरी, करडी असेल तर ती दिसतच नाही. दिवसाही हेडलाईट लावा, साधा, खालच्या झोतावर. पावसात सहा सेकंदांचे आठ-नऊ करा. घाटात धुकं असेल आणि ट्रक दिसायच्या आधी ऐकू येत असेल, तर थांबा आणि ऐका. म्हणूनच काच थोडी खाली ठेवायची.

दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेले उसाचे शेंडे, आणि मागे लाल दिवा असेलच असं नाही. काही भागांत बैलगाड्याही असतात. रात्री हायवेला लागताना उजवीकडून येणाऱ्यांकडेच लक्ष असतं आणि डाव्या लेनमध्ये समोर अंधारात ट्रॉली सरकत असते. शिरायच्या आधी एकदा समोरही बघा. संकेश्वर-निपाणी पट्ट्यात हंगामात मी अंधार पडल्यावर गाडी काढायचीच टाळते, अडलं नसेल तर.

नाही जमलं तर

तिरक्या जागेच्या शेवटी आलात आणि जागा मिळाली नाही, तर थांबा. डावीकडे, शक्य तितकं कडेला. मग काटकोनातल्या फटीसारखं वागा, दहा सेकंदांची जागा मिळेपर्यंत. घाबरून अंदाजाने शिरू नका, आणि मागे रिव्हर्स तर मुळीच नाही.

आत शिरताना गाडी बंद पडली तर चारही लाईट लावा, माणसांना डावीकडच्या दारातून उतरवून कठड्यापलीकडे न्या, आणि राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकाला फोन करा. कोणाला लागलं असेल तर ११२. गाडीत बसून मदतीची वाट बघू नका.

सराव

पहिल्या रविवारी गाडी चालवूच नका. हायवेकडेच्या एखाद्या हॉटेलात चहा घेऊन अर्धा तास बसा आणि ट्रक बघा. लांबचा एक खांब धरा, तिथून तुमच्यापर्यंत ट्रक किती सेकंदांत येतो ते मोजा. आधी अंदाज करायचा, मग मोजायचं. वीस-पंचवीस ट्रक झाले की डोळ्याला सवय होते. सहा सेकंदांची जागा कशी दिसते हे न मोजता कळायला लागतं. जमलं तर ओळखीच्या एखाद्या ट्रक ड्रायव्हरला विनंती करून उभ्या गाडीत त्याच्या सीटवर दोन मिनिटं बसा आणि कोणाला तरी डाव्या बाजूने चालत यायला सांगा. तो माणूस कुठे नाहीसा होतो ते बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसऱ्या रविवारी सकाळी सात-साडेसातला, जाणत्या माणसाला डाव्या सीटवर बसवून निघा. बेळगावहून हलग्याच्या बाजूला, जिथे २०१२ साली उद्घाटन झालेली सुवर्ण विधानसौधची मोठी इमारत हायवेवरून दिसते, तो पट्टा सपाट आणि उघडा आहे, लांबवरचं दिसतं. हायवेला लागा, पुढच्या पुलाला उतरा, खालून वळा, परत लागा. चार-पाच वेळा. शेजारच्याने क्लीनरसारखं बोलत राहायचं, "मागं ट्रक, लांब आहे… थांब… हां, बरली." तिसऱ्या रविवारी तोच पट्टा, पण शेजारच्याने गप्प बसायचं आणि ते तुम्ही मोठ्याने बोलायचं. एकटीने किंवा एकट्याने जायची घाई करू नका. मला पाच रविवार लागले होते, आणि सहाव्या रविवारी वडिलांना मागच्या सीटवर बसवून मी निपाणीपर्यंत गेले. तवंदी उतरेपर्यंत ते काही बोलले नाहीत. नंतर सवयीने त्यांनी डावीकडच्या दारावर थाप मारली.